दहावीचं टाइमटेबल आणि वजनाचा काटा

आपल्याकडे 'तब्येत' या शब्दाचा अर्थ फार सोयीचा आहे. 'पोट्ट्याची तब्येत चांगली झाली हो' म्हणजे वजन वाढलं, आणि 'तब्येत उतरली' म्हणजे ते सडपातळ दिसायला लागलं. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाच्या पँटचा नंबर वर्षात दोनदा बदलला तरी घरात कुणाला खटकत नाही. आजी म्हणते खात्यापित्या घरचा दिसतो, काका म्हणतात आपल्याकडे सगळे हाडापेराने मोठेच. मग एखाद दिवशी शाळेच्या तपासणीतून चिठ्ठी येते किंवा लग्नात कुणी तरी टोमणा मारतं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पोराचा भात बंद होतो.

भाताला हात लावण्याआधी मापं नीट घ्या. घरी घेतलेली निम्मी मापं चुकलेली असतात.

काटा कडक फरशीवर ठेवायचा. सतरंजीवर किंवा गादीवर ठेवलेला काटा भलतंच सांगतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, हलक्या कपड्यांत, खिशात मोबाइल नसताना वजन करा. उंची भिंतीला टेकून मोजायची: अनवाणी, टाचा, नितंब आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला लागलेला, नजर सरळ समोर, हनुवटी वर उचललेली नको. डोक्यावर पुस्तक किंवा गुण्या भिंतीला काटकोनात धरून पेन्सिलने खूण करा आणि ती लोखंडी टेपने मोजा. शिवणकामाचा कापडी टेप वापरून वापरून ताणलेला असतो. उंचीही सकाळीच घ्यायची, कारण दिवसभर उभं राहून-बसून मणक्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी माणूस सेंटीमीटरभर कमी भरतो. हा सेंटीमीटर मुलांच्या हिशेबात मोठा आहे.

वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) मिळतो. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गडबड पुढे होते. मोबाइलवरचं अ‍ॅप तो आकडा 18.5 ते 24.9 या पट्टीवर लावतं आणि हिरवा रंग दाखवतं. ती पट्टी मोठ्या माणसांची आहे. वाढीच्या वयात बीएमआय दर वर्षी सरकत जातो आणि मुलगा-मुलगीत फरक पडतो, म्हणून तो वयानुसार तक्त्यावरच बघावा लागतो. एक उदाहरण घ्या: मुलगा तेरा वर्षांचा, उंची 150 सेंमी, वजन 58 किलो. बीएमआय 25.8. अ‍ॅप म्हणेल जरासा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या तक्त्यात मात्र तेरा वर्षांच्या मुलाची जादा वजनाची रेषा 20.8 वर आणि लठ्ठपणाची 24.8 वर आहे. म्हणजे हे पोरगं दुसरी रेषाही ओलांडून गेलेलं आहे.

आता हाच मुलगा दोन वर्षं 58 किलोवरच राहिला आणि उंची 162 झाली असं धरा. पंधराव्या वर्षी बीएमआय 22.1. त्या वयाची जादा वजनाची रेषा 22.7 आहे. एक किलोही न घटवता तो रेषेखाली आला. वाढत्या वयातल्या बहुतेक मुलांसाठी उपचाराचं मुख्य गणित हेच आहे: वजन आहे तिथे रोखून धरा, उंचीला काम करू द्या. 'महिन्यात पाच किलो' वाल्या जाहिरातींचा या वयाशी काही संबंध नाही.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने 2015 साली 5 ते 18 वयासाठी भारतीय तक्ते काढले. त्यातल्या रेषा मोठेपणीच्या 23 आणि 27 या बीएमआयला जाऊन मिळतात, म्हणजे त्या आणखी कडक आहेत. कारण आपलं शरीर. सारख्याच बीएमआयला भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं होतं. दोघांचा बीएमआय 22.3, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी 21.2 टक्के आणि युडकिन यांच्या 9.1 टक्के. म्हणून आपल्या मुलांच्या बाबतीत पोटाचा घेर बीएमआयइतकाच महत्त्वाचा. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये लावा, सहज श्वास सोडल्यावर मोजा, पोट आत ओढू देऊ नका. घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर लक्ष द्यायची वेळ झाली. 160 सेंमी उंचीला 80 सेंमी घेर ही हद्द. यासाठी तक्ताही लागत नाही.

मुलींच्या बाबतीत वेळ कमी असतो, हे बऱ्याच आईवडिलांच्या लक्षात येत नाही. पाळी सुरू झाल्यानंतर उंची साधारण 5 ते 7 सेंमीच वाढते. 'उंची वाढेल तशी बारीक होईल' हे वाक्य अकरा वर्षांच्या, पाळी न आलेल्या मुलीला लागू पडतं. चौदाव्या वर्षी, पाळीला दोन वर्षं होऊन गेल्यावर, त्यात फारसं तथ्य उरत नाही. मुलगे साधारण चौदाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढतात, त्यांना थोडी जास्त मुदत मिळते. आणि मुलीचं मैदान नेमकं याच वयात बंद होतं. सायकल जाते, स्कूटीवर मागे बसून क्लास सुरू होतो, संध्याकाळी 'कुठं फिरते आता' सुरू होतं. वजन जास्त म्हणजे पोषण भरपूर, असंही समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. जाड मुलीचं हिमोग्लोबिन 9 असणं यात नवल काहीच नाही, आणि ती दमते म्हणून हलत नाही, हेही होतं.

थायरॉइडचं प्रकरण इथेच मिटवून टाकतो, कारण पहिली तपासणी सगळे तीच करून येतात. जास्त खाऊन आणि कमी हलून वजन वाढलेलं मूल बहुतेक वेळा वयाच्या मानाने उंच असतं. थायरॉइड किंवा दुसऱ्या एखाद्या ग्रंथीच्या आजाराने वजन वाढतं तेव्हा उंची अडते. म्हणून भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणा रक्ताच्या रिपोर्टइतक्याच कामाच्या. उंची छान वाढते आहे आणि वजनही वाढतं आहे, तर दोष थायरॉइडचा असण्याची शक्यता फार कमी. उंची वर्षभर अडकली आहे आणि वजन चढतं आहे, तर मात्र वाट बघू नका. शिवाय दम्यासाठी किंवा किडनीच्या आजारासाठी पोटात घ्यायचं स्टेरॉइड, फिट्सची काही औषधं (व्हॅल्प्रोएट), मानसिक आजारावरची काही औषधं (रिस्पेरिडोन) यांनीही वजन वाढतं. ती परस्पर बंद करायची नसतात, डॉक्टरांना विचारायचं असतं. आनुवंशिकता आहेच, आईवडील दोघंही लठ्ठ असतील तर मुलाची शक्यता बरीच वाढते. पण जनुकं तीस वर्षांत बदलत नाहीत, आणि आजच्या आठवीच्या वर्गाचा फोटो तीस वर्षांपूर्वीच्या फोटोशेजारी ठेवला तर फरक दिसतो. या काळात काय बदललं?

मला विचाराल तर घड्याळ. नागपुरातल्या दहावी-अकरावीच्या पोराचा दिवस कागदावर मांडून बघा. पावणेसहाला गजर. नाश्ता नाही, कारण भूक नाही, कारण रात्री साडेबाराला नूडल्स झाले. शाळा. साडेदहाच्या सुट्टीत दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, त्यातली अर्धी मित्राने खाल्ली. दोनला घरी येऊन कसंबसं जेवण, नाहीतर तेही नाही. साडेपाच ते साडेआठ क्लास. नऊला घर, साडेनऊला जेवण, मग पुस्तक आणि मोबाइल आळीपाळीने एक वाजेपर्यंत. बसून घालवलेले तास अकरा-बारा, झोप पाचच्या आत-बाहेर, चालणं पार्किंगपासून वर्गापर्यंत. या दिवसात लठ्ठपणाचं दार एकच उघडं आहे, संध्याकाळी पाचचं. आणि ती भूक खरी असते, लाड नसतात. दिवसभर पोटात नीट काही गेलेलं नाही, तीन तास गणित-फिजिक्स पुढे आहे, खिशात पन्नासची नोट आहे आणि क्लासच्या गल्लीत कढई तापलेली आहे.

हिशेब करू. एका मोठ्या समोशाच्या 250 ते 300 कॅलरी, दोन खाल्ले की साडेपाचशे धरा. 250 मिलीचं शीतपेय, त्यात 26 ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे शंभरेक कॅलरी. घरी आल्यावर जेवण गरम होईपर्यंत चिप्सचं 50 ग्रॅमचं पाकीट, 270. रात्री नूडल्सचं एक पाकीट, 300. बेरीज 1200 च्या वर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या मानकांत 13 ते 15 वयाच्या मध्यम हालचाल करणाऱ्या मुलीची दिवसाची गरज 2400 कॅलरी आहे, मुलाची 2860. मुलीचा निम्मा कोटा संपला आणि त्यात एकही पोळी नाही, भाजी नाही, वरण नाही. त्यातही ही मानकं मध्यम हालचालीची आहेत. बारा तास बसणाऱ्याची गरज त्याहून कमी.

म्हणून पहिली दुरुस्ती जेवणाच्या ताटात करू नका, साडेचार-पाचला करा. क्लासला निघण्यापूर्वी 350 ते 400 कॅलरीचं, प्रथिनं असलेलं काहीतरी पोटात गेलं पाहिजे. मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही. किंवा दोन उकडलेली अंडी, एक पोळी, काकडी. किंवा ज्वारीची अर्धी भाकर आणि जाडसर झुणका, तेल एक चमचा. वेळ अजिबात नसेल तर 40 ग्रॅम फुटाणे, 20 ग्रॅम शेंगदाणे आणि एक केळं. यात 14 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि दोन-तीन तास पोट ओरडत नाही. 15 वर्षांच्या मुलाची प्रथिनांची गरज दिवसाला 45 ग्रॅम आहे, सोळानंतर 55. चहा आणि चार बिस्किटं यांनी यातलं काहीच होत नाही. तासाभरात भूक दुप्पट होऊन येते.

डब्यात देणार असाल तर उन्हाचा विचार करा. पुस्तकातून उचललेले डबे इथे हमखास फसतात. 'मोड आलेली मटकी द्या' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नागपूरच्या एप्रिलमध्ये, 42-43 डिग्रीत, ती मटकी दप्तरात तीन-चार तासांत आंबते. डबा उघडला की वास येतो, वर्गात हसू होतं, पोट्टं डबा सांडून देतं आणि परत समोशाकडे वळतं. उकडलेली अंडी, पनीर, दह्यातलं काहीही या दिवसांत डब्यात नको. मार्च ते जून कोरडं द्या: फुटाणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा (पाव किलो लाह्यांना दोन मोठे चमचे तेल पुरतं), कोरडा भाजलेला मखाना, मेथीचे ठेपले. ओलं सगळं पावसाळा-हिवाळ्यात.

दुसरी गोष्ट पातळ साखर. खाल्लेल्या साखरेने थोडं तरी पोट भरतं, प्यालेल्या साखरेची नोंद मेंदू नीट घेत नाही, आणि पुढच्या जेवणात ती भरपाई होत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली आणि रसातली साखर एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, जमल्यास पाच. 2400 कॅलरीला पाच टक्के म्हणजे 30 ग्रॅम, सहा चहाचे चमचे. शीतपेयाच्या 600 मिलीच्या एका बाटलीत साठच्या वर ग्रॅम असतात. आता उन्हाळ्यातला ऊसरस. तो 'नैसर्गिक' म्हणून त्याला सगळं माफ असतं. उसाच्या रसात 12 ते 15 टक्के साखर असते. मोठा ग्लास 300 मिलीचा धरला तर 36 ते 45 ग्रॅम. आठवड्यातून एकदा प्या, खुशाल प्या, पण रोज क्लासवरून येताना नको. पन्हं घरी करा आणि गूळ मोजून घाला, ग्लासमागे दोन चमचे. मठ्ठा सगळ्यात भला: साखर नाही, मीठ-जिरं-सांबार घालून थंड माठातला. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. डाळीचं नव्हे.) आणि संत्र्याच्या गावात राहून डब्यातला संत्रा-रस विकत आणणाऱ्यांना काय म्हणावं? अख्ख्या संत्र्यात साठेक कॅलरी आणि चोथा. रसाच्या ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर आणि चोथा गाळलेला.

दुधात घालायच्या पावडरींबद्दल एकच सांगतो. 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका असं कळवलं. डबा उलटा करून शंभर ग्रॅममागे साखर किती ते वाचा, मग ठरवा.

तेलाचा हिशेब मात्र फोडणीत मोजून कधी जमत नाही. महिन्याचा करा. माणशी दिवसाला 20 ग्रॅम दिसणारं तेल धरलं तर महिन्याला 600 ग्रॅम, म्हणजे साधारण 650 मिली. चौघांच्या घराला अडीच-पावणेतीन लिटर. पाच लिटरचा पिपा महिनाअखेर रिकामा होत असेल तर त्यातलं जवळजवळ निम्मं तेल जादा आहे आणि ते सगळ्यांच्याच अंगावर जातं आहे, एकट्या पोराच्या नाही. पिप्यावर आणल्याची तारीख लिहून ठेवा, एवढं पुरतं. एका चहाच्या चमच्याभर तेलाच्या चाळीस-पंचेचाळीस कॅलरी, हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप आखडतो.

तर्री पोह्यावर (पोह्यांवर चण्याचा तिखट रस्सा) बोलल्याशिवाय नागपूरकर उठू देणार नाही. माझं मत असं की रविवारच्या एका प्लेटला दोष देण्यात अर्थ नाही. पोहे आणि चणा हा मुळात चांगला जोड आहे. चण्यात प्रथिनं आहेत, चोथा आहे. फसतं ते वर तरंगणाऱ्या लाल थरात, 'भाऊ, अजून तर्री टाका' मध्ये आणि शेवेच्या दोन मुठींमध्ये. घरी करताना रस्सा आदल्या रात्री करून ठेवला तर थंड झाल्यावर तेल वर येतं, ते पळीने काढून घेता येतं. चव मसाल्याची असते, ती जात नाही. सावजी पद्धतीच्या झणझणीत रश्श्यालाही हाच न्याय. कचोरी, आलुबोंडा आणि पाटोडी यांना मात्र असं धुऊन घेता येत नाही. तिथे संख्या हाच इलाज. सांबारवडी दोन, सहा नव्हे.

2025 च्या जुलैत समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार अशी बातमी फिरली होती, त्यात नागपूरच्या एम्सचंही नाव गाजलं. आरोग्य मंत्रालयाने मग खुलासा केला की फेरीवाल्यांच्या पदार्थांवर असला कुठला शिक्का नाही. कार्यालयांच्या उपाहारगृहांत तेल-साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावण्याची ती सूचना होती. त्याआधी मे महिन्यात सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले होतेच. फलक बरा आहे. पण त्याहून जुना आणि जास्त कडक नियम 2020 चा: शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. पालकसभेत या नियमाचा विषय किती जणांनी काढला असेल? क्लासच्या इमारती मात्र त्यात बसत नाहीत, आणि पोरं संध्याकाळी तिथेच असतात.

आता हालचाल. पाच ते सतरा वयाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं घाम येईल अशी हालचाल हवी, त्यातली आठवड्यातून तीनदा तरी धाप लागणारी. नागपुरात हे वर्षभर एकाच वेळेला जमत नाही. मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या आधी उगवतो आणि पावणेसातच्या सुमारास मावळतो, आणि मावळल्यावरही रस्ता तासभर भट्टीसारखा तापलेला असतो. तेव्हा मार्च ते जून सकाळी साडेपाच ते सातच. डिसेंबरात उलटं: सकाळी पावणेसातपर्यंत अंधुक आणि गारठा, म्हणून दुपारी चारनंतर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे सुरू होतात. म्हणजे दोन महिन्यांची सुट्टी आणि त्यातले दिवसाचे आठ तास कूलरसमोर. परदेशात लहान शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासांत वजन शाळेच्या दिवसांपेक्षा सुट्टीत वेगाने वाढलेलं दिसलं आहे. आमच्या सुट्टीत तर बाहेर पडायचीही सोय नाही. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आणि संपल्यावर पहिल्या दिवशी वजन-उंची नक्की घ्या.

साठ मिनिटं एका दमात लागत नाहीत. मेट्रोने क्लासला जाणारा दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं चालला तर जाऊन-येऊन चाळीस झाली. अंबाझरी तलाव किंवा सेमिनरी हिल्सची टेकडी रविवारी. जड मुलाला पहिल्याच आठवड्यात पळायला लावणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. गुडघे दुखतात, मांड्या घासून सोलवटतात, आणि तो कायमचा सोडतो. सायकल, पोहणं किंवा भरभर चालणं घ्या. दहा मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, मांड्यांना सुती लांब चड्डी. तीन महिन्यांनी पळणं. आणि व्यायामाने समोसा फेडायचा हिशेब करू नका: 50 किलोचं मूल तासभर भरभर चाललं तर 200 च्या आसपास कॅलरी जातात, एका समोशाचेही पैसे वसूल होत नाहीत. व्यायाम स्नायूंसाठी, इन्सुलिनचं काम नीट चालण्यासाठी आणि झोपेसाठी.

एक धोक्याची खूण इथेच सांगून ठेवतो. जाड किशोराचा गुडघा किंवा मांडी दुखते आणि तो लंगडतो, तर 'वजनामुळे दुखतंय' म्हणून सोडू नका. या वयात खुब्याच्या हाडाचं डोकं वाढीच्या रेषेवरून घसरू शकतं, आणि दुखतं मात्र गुडघ्यात. त्याच दिवशी चालणं थांबवून खुब्याचा एक्स-रे.

झोपेला औषधाचा दर्जा द्या. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास लागतात. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, आणि जागं राहिलेल्या माणसाला मध्यरात्री कोबीची भाजी आठवत नाही. पावणेसहाचा गजर असेल तर दिवा साडेनऊला मालवायला हवा. क्लास साडेआठला सुटतो तेव्हा हे अशक्य, म्हणून जेवण क्लासच्या आधी आणि परत आल्यावर फक्त एक वाटी ताक-भात किंवा दूध, असं उलटवून बघा. अकराला झोप लागली तरी पावणेसात तास झाले, पाचापेक्षा बरेच. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, सगळ्यांचा, बाबांचाही.

बाबांचाही, हे मुद्दाम लिहिलं. एकट्या मुलासाठी वेगळा स्वयंपाक आणि भावासाठी आइस्क्रीम, असं घरात चालत नाही. 'ढोल्या', 'जाडे' म्हणून हाक मारल्याने वजन कमी होत नाही, लपून खाणं वाढतं. गादीखाली बिस्किटांचे कागद सापडायला लागले की समजायचं काय चाललं आहे. रोज काट्यावर उभं करू नका. आणि उलट टोकही ओळखा: मुलगी जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाते, जेवण वगळते, पाळी तीन महिने आली नाही, वजन भराभर उतरलं. आनंद मानू नका, डॉक्टर गाठा.

चरबी जाळणारी पावडर, घाम आणणारे पट्टे, जिमच्या ओळखीतून आलेला डबा, वजन उतरवणारं चूर्ण: या वयात काहीही नाही. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं अमेरिकेत 12 वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांसाठी 2022 पासून मान्य आहेत, पण ती निवडक मुलांसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीत आणि खाण्या-हलण्यातल्या बदलांसोबत. मेडिकलच्या दुकानातून आणायची वस्तू नव्हे.

डॉक्टरकडे कधी? मानेवर, काखेत काळपट जाडसर पट्टा आला असेल तर. घरी तो साबणाने, लिंबाने, खरखरीत कापडाने घासला जातो; तो मळ नसतो, इन्सुलिन जास्त असल्याची खूण असते, आणि घासून आणखी काळा होतो. रात्री घोरणं आणि मध्येच श्वास अडणं. सतत तहान आणि वारंवार लघवी. पाळी अनियमित, ओठावर-हनुवटीवर दाट केस. पोटावर रुंद, जांभळट वळ (फिकट गुलाबी वळ सहसा नुसते त्वचा ताणल्याचे). आणि उंची अडलेली. रक्तदाब घ्यायला सांगा, पण पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटाच वाढलेला येतो. तपासण्या फार लागत नाहीत: उपाशीपोटी साखर किंवा एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तातल्या चरबीचं प्रमाण, यकृतासाठी एसजीपीटी. केंद्र सरकारच्या 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटात जादा वजनाची मुलं 5 टक्के निघाली, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरची 10 टक्के. दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट आहे, म्हणजे बारीक दिसणाऱ्यांतही साखर चढलेली आहे. जन्मतः अडीच किलोच्या आत असलेलं आणि नंतर भराभर भरलेलं मूल त्यात आधी येतं. बाळाचं जन्मवजन कार्डावर असेल, ते डॉक्टरांना दाखवा.

मापं महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी सकाळी, पोह्यांच्या आधी. वहीत चार रकाने: तारीख, उंची, वजन, पोटाचा घेर. वाढत्या मुलाचं वजन तेवढंच राहिलं आणि घेर सेंटीमीटरभर कमी झाला तर सगळं बरोबर चाललं आहे, जास्त ताणू नका. वाढ थांबलेल्या सोळा-सतराच्या मुलामुलीत वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त नको. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर ताटातला भात कमी करायच्या आधी संध्याकाळी पाच ते नऊची नोंद सात दिवस करून बघा: काय खाल्लं, कुठे, कुणासोबत, पैसे कुणी दिले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'आजीने' असं येतं.